देवीचा दरबार, बाईचा हक्क

दसऱ्याच्या पहाटे तुळजापुरात सीमोल्लंघन होतं. भवानीची मूर्ती सिंहासनावरून उचलतात, साड्यांत गुंडाळतात, पालखीत ठेवतात आणि हळदीकुंकवाच्या उधळणीत मंदिराला प्रदक्षिणा होते. पालखीचा मान अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरच्या भगत घराण्याचा, म्हणजे तेली समाजाचा. प्रदक्षिणेनंतर देवी कोजागरीपर्यंत ज्या पलंगावर निजते, तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि गावोगावच्या माणसांच्या खांद्यावरून इथवर येतो. भोपे, पाळीकर, उपाध्ये, महंत, गोंधळी, आराधी अशा प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि जागाही ठरलेली असते. दसऱ्याला सीमा ओलांडणं हा राजाचा आचार. तुळजापुरात तो आचार देवी पाळते. सिंहासन तिचं, दरबार तिचा, छत्रचामरं तिची, आणि मोहीम आटोपल्यावरची विश्रांतीही तिचीच.

मी याच धाराशिव जिल्ह्यात वाढले आणि पुढे इतिहास शिकवला. धर्म, सत्ता आणि बाई यांच्या नात्याबद्दल वर्गात बोलायची वेळ आली की मला पुस्तकाआधी हा दरबार आठवतो. साऱ्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी जिथे राज्य करते, तिथे बाईच्या हाती काय होतं? आज काय आहे? पूर्वी बायकांना फार मान होता, मग परकी राजवट आली आणि तो गेला, असं एक उत्तर तयार असतं. जुन्या काळी निव्वळ अंधार होता, इंग्रजांनी दिवा लावला, हे दुसरं. या जिल्ह्यातल्या माणसांकडे, दगडांकडे आणि कागदांकडे पाहताना मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटत आली आहेत.

आमच्या गल्लीत एक आराधीण होत्या. त्यांना इथे मी नुसतं आक्का म्हणते. तिशीच्या आतच नवरा गेला. त्यानंतर त्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ आली, हातात परडी आली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या जोगवा मागायला निघायच्या. नवरात्रात पोत पेटला, संबळ वाजू लागलं की आक्कांच्या अंगात वारं यायचं. मग एरवी त्यांच्याशी एकेरीत बोलणारे थोरले पुरुष हात जोडून समोर बसत. पोरीचं लग्न कुठे जमवावं, भावाभावांचं भांडण कसं मिटवावं, सुनेला माहेरी पाठवावं की नाही, हे त्यांना विचारलं जाई. एका घरात सुनेला मारहाण चालली होती. गावातल्या जाणत्यांनी समजावून काही झालं नव्हतं. वाऱ्यात असताना आक्का त्या सासऱ्याला म्हणाल्या, “माज्या लेकीला हात लावशील तर तुज्या उंबऱ्याला मी न्हाई.” त्यानंतर त्या घरातला मार थांबला, हे मी पाहिलं आहे.

याच आक्कांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं कधी आलं नाही. लग्नात ओटी भरायच्या वेळी त्या आपण होऊन मागे सरत. आणि दिरांकडे जमिनीचा वाटा मागितला तेव्हा कोणीही त्यांच्या पायावर डोकं ठेवलं नाही. “तुमाला काय करायचीय जमीन, तुमाला आई हाय की,” असं उत्तर मिळालं. वाऱ्यात बोललेला शब्द हुकूम होता. शुद्धीवर बोललेला शब्द एका निपुत्रिक विधवेचा होता. आक्कांच्या आयुष्याकडे पाहून मला पहिल्यांदा कळलं की धर्म बाईला बळ देतो आणि तिच्यावर बंधनंही घालतो, आणि ही दोन्ही कामं तो एकाच घरात, एकाच बाईच्या बाबतीत करू शकतो. पुढे इतिहास वाचताना मी हाच प्रश्न घेऊन वाचू लागले: बाईला सत्ता मिळाली तेव्हा ती कोणत्या नात्याने मिळाली, आणि ते नातं संपल्यावर तिच्या हातात काय उरलं?

देवीचं आणि राजांचं नातं तर उघडच आहे. तुळजाभवानी भोसल्यांचं कुलदैवत. 1659 मध्ये अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला, तेव्हा त्याने वाटेत तुळजापूरच्या देवीला उपद्रव दिला असं बखरी सांगतात. शत्रूचं बळ जिथून येतं असं त्याला वाटलं, तिथे त्याने घाव घातला. त्या काळी तुळजापूर आदिलशाहीच्या मुलखात होतं, महाराजांना तिथे सहज जाता येण्यासारखं नव्हतं. 1661 मध्ये त्यांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली आणि 1674 च्या राज्याभिषेकाआधी ते तिथे दर्शनाला गेले. देवीच्या कृपेवाचून राज्याला मान्यता नाही, ही समजूत राजाइतकीच रयतेचीही होती. पण देवी ज्याला राज्य देते तो पुरुष असतो. बाई या चित्रात येते ती आई म्हणून. तुळजापूरच्या मंदिराला दोन महाद्वारं आहेत, एकाला राजा शहाजींचं नाव, दुसऱ्याला राजमाता जिजाऊंचं. जिजाऊंचं कर्तृत्व पुणे जहागिरीच्या कारभारात दिसतं, न्यायनिवाड्यात दिसतं. तरीही आपण त्यांच्याबद्दल बोलतो ते बहुधा मुलाच्या संदर्भात. आई या नात्याने बाईला राज्याच्या दारापर्यंत येता येत होतं, आणि जिजाऊंसारखी बाई त्या दारातून आत येऊन कारभारही करत होती.

हे केवळ मराठ्यांच्या घरात घडलं असं नाही. ज्या सुलतानी राज्यांच्या सीमा आमच्या परंड्यावरून आणि नळदुर्गावरून सरकत राहिल्या, तिथेही हीच वाट होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची बेगम खुंजा हुमायूँ. 1565 मध्ये, तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांत, हुसेनशहा वारला आणि धाकट्या मुर्तजाच्या नावाने या बाईने काही वर्षं राज्य चालवलं. मुलगा मोठा झाल्यावर त्यानेच तिला कैदेत टाकलं. तिची एक खूण पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या फार्सी हस्तलिखितात सुलतानाशेजारी बसलेली राणी रंगवलेली होती. आज पानं पाहिली तर बहुतेक चित्रांत राणीच्या जागी रंगाचा डाग आहे. ती सत्तेवरून गेली तशी तिची आकृतीही चित्रांतून पुसली गेली. सत्ता गेलेल्या पुरुषांचे वाडे जाळल्याच्या, मुंडकी उडवल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण पतीच्या शेजारी बसलेली बाई चित्रातूनही नाहीशी व्हावी, यात एक वेगळा राग आहे. मुळात ती तिथे बसलीच कशी, असं विचारणारा.

तिचीच मुलगी चांदबीबी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचं लग्न झालं. 1580 मध्ये अलीचा खून झाला आणि लहानग्या इब्राहिमच्या नावाने कारभारात तिला उभं राहावं लागलं. त्याच धामधुमीत शेजारच्या राज्यांच्या फौजांनी नळदुर्गाला वेढा घातला होता आणि किल्ल्याने तो निकराने सोसला. पुढे हाच इब्राहिम मोठा होऊन नळदुर्गात बोरी नदीवर बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधणारा ठरला. पावसाळ्यात धबधबा पाहायला लोक जातात तेव्हा इब्राहिमचं नाव फलकावर वाचतात. त्याला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईचं नाव त्यांना आठवावं असं मला फार वाटतं. चांदबीबी माहेरी परतली आणि 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरच्या तटावर उभी राहिली. 1600 च्या सुमारास तिच्याच माणसांनी तिचा जीव घेतला. ती मोगलांना फितूर झाली असा संशय पसरवला गेला होता. सरदार वाटाघाटी करतो तेव्हा ती मुत्सद्देगिरी ठरते. बाईने तेच केलं तर तिच्या निष्ठेचीच शंका घेतली जाते. त्या वेढ्यात लढणारे शिया होते, सुन्नी होते, हबशी होते, दख्खनी होते, मराठेही होते. त्यांचं एकमेकांत पटत नव्हतं, पण बाईच्या हुकुमाबद्दलची अढी त्यांच्यापैकी पुष्कळांना सारखीच होती.

आमच्या भूम-परंड्याच्या हद्दीला लागून जामखेड तालुका आहे आणि त्यात चोंडी, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सती जाण्यापासून त्यांना सासऱ्यांनी, मल्हाररावांनी परावृत्त केलं. 1766 मध्ये सासरे गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला आणि माळव्याचा कारभार त्यांच्याकडे आला. तो त्यांनी 1795 पर्यंत सांभाळला. राज्य शंकराचं, आपण त्याच्या वतीने काम पाहतो, अशी त्यांची भूमिका होती, आणि हुकूम शंकराच्या नावाने निघत. यात त्यांची श्रद्धा होतीच. पण त्या श्रद्धेने त्यांना एक जागाही दिली. ज्या विधवेला गादीवर बसवायला दरबारातले कित्येक तयार नव्हते, तिने गादी देवाला वाहिली आणि कारभार आपल्या हाती ठेवला. देवाच्या हुकुमाला विरोध कोण करणार? आक्कांनी गल्लीत जे केलं तेच अहिल्याबाईंनी माळव्यात केलं, असं मला वाटतं. फरक इतकाच की अहिल्याबाईंजवळ खजिना होता, फौज होती आणि हिशेबाच्या वह्या वाचणारे डोळे होते. म्हणून त्यांची सत्ता वारं उतरल्यावर संपली नाही.

राजवाड्याबाहेर, संतांच्या गोष्टींतही हाच झगडा आहे. धाराशिवजवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर, व्यापाराची मोठी पेठ, आणि गोरोबाकाकांचं गाव. गोरोबांची गोष्ट साऱ्यांना ठाऊक आहे: नामस्मरणात माती तुडवताना पायाखाली पोर आलं. पण त्यापुढची गोष्ट बाईची आहे. दुखावलेल्या बायकोने विठोबाची आण घातली, मला हात लावायचा नाही. गोरोबांनी ती पाळली. वंश खुंटेल या धास्तीने बायकोच्या धाकट्या बहिणीशी त्यांचं लग्न लावलं. सासऱ्यांनी दोघींना सारखं वागवा म्हटलं आणि गोरोबांनी तोही शब्द तसाच घेतला, दोघींपासून दूर राहिले. कीर्तनात ही कथा गोरोबांच्या वैराग्याची म्हणून सांगतात. मी ती लहानपणापासून ऐकत आले आणि मला दर वेळी त्या माउलीचा राग ऐकू येतो. पोटचं पोर गमावलेल्या बाईला नवऱ्याकडे जाब मागण्यासाठी कोणती कचेरी होती? पंच पुरुष, पाटील पुरुष. तिच्याजवळ एकच शस्त्र होतं, देवाची आण. ते तिने चालवलं आणि संतालाही ते मोडता आलं नाही. मात्र त्या आणेचा शेवट तिच्या मनासारखा झाला नाही. वंशाच्या चिंतेने तिला सवत आणून दिली.

तेरशी परंपरेने जोडलेली दुसरी गोष्ट मुक्ताबाईची. संत जमले असताना कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं, हे पाहायला तिने गोरोबांना सांगितलं आणि नामदेव कच्चे ठरले. वयाने सर्वांत लहान, आईबाप नसलेली, संन्याशाची पोर म्हणून वाळीत टाकलेल्या घरातली मुलगी थोरांची परीक्षा घ्यायला लावते आणि थोर ती देतात. वारकऱ्यांनी ही गोष्ट सातशे वर्षं जपली हे मला फार मोलाचं वाटतं. ज्ञानावरचा अधिकार जातीने किंवा लिंगाने मिळत नाही, असं म्हणणारी माणसं या मातीत होती. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा मात्र या अधिकाराची मर्यादाही दाखवते. बिदरच्या सुलतानाचं बोलावणं आलं तेव्हा ती विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथेच तिने देह ठेवला. देवळाने तिला आसरा दिला, पण जिवंतपणी तिला परतायला घर नव्हतं.

मग इंग्रज आले. इंग्रजी अंमल आमच्याकडे थोडाच काळ टिकला, पण ती वर्षं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. 1853 मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडचा हा मुलूख कंपनीच्या हवाली केला. 1860 मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत निजामाकडे गेले. 1853 चा तो करार झाला तेव्हा गव्हर्नर जनरल होता डलहौसी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात झाशीत गंगाधररावांनी दत्तक घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि 1854 मध्ये झाशी खालसा झाली. आपण याला राज्य गिळण्याचं धोरण म्हणतो, ते खरंच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दत्तक हा मूळचा धार्मिक विधी, पिंडदानासाठी मुलगा हवा म्हणून. त्याच विधीने विधवेला पालक म्हणून राज्य चालवायची वाट मिळत होती. धर्माने उघडलेलं ते एक लहान दार कंपनीने बंद केलं. भोपाळच्या बेगमांना इंग्रजांनी मान्यता दिली होती, म्हणजे बाई गादीवर नकोच असा त्यांचा नियम नव्हता. सोयीचं असेल तिथे ती चालत होती.

नळदुर्गाला तेव्हा अधिकारी होता फिलिप मेडोज टेलर. त्याआधी तो सुरपूर संस्थानात होता आणि तिथे अल्पवयीन राजाची आई, राणी ईश्वरम्मा, हिच्याशी सत्तेवरून त्याचे खटके उडाले होते. हा माणूस सहृदय होता, रस्ते आणि तलाव यांची त्याला आस्था होती, लोक त्याला मानत. 1863 मध्ये त्याने ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याच्या घरातली बालविधवा, देवीला वाहिलेली मुलगी. आमच्या गावची बाई इंग्रजी कादंबरीत गेली ती अशी: देवी अंगी संचारलेली आणि कोणीतरी सोडवण्याची वाट पाहणारी. कारभार करणारी बाई टेलरला अडचणीची वाटली, झपाटलेली बाई कथेला योग्य वाटली. त्या काळच्या पुष्कळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेत हेच दोन साचे दिसतात.

ज्या देशातून हे अधिकारी येत होते, तिथेही सिंहासनावर बाईच होती. 1858 मध्ये हिंदुस्थानचा कारभार व्हिक्टोरिया राणीच्या नावाने सुरू झाला. पण इंग्लंडातल्या विवाहित बाईला स्वतःच्या मिळकतीवर पुरता हक्क मिळायला 1882 चा कायदा यावा लागला आणि मतदानाचा हक्क काही जणींना 1918 मध्ये मिळाला. वर राणी आणि खाली हक्कावाचून बाई, ही गोष्ट तुळजापुराइतकीच लंडनातही होती.

विधवाविवाहाच्या कायद्याचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. 1856 चा हा कायदा सुधारकांच्या तळमळीतून आला आणि उच्चवर्णीय विधवांसाठी तो मोठा आधार होता. पण त्यात एक कलम होतं: पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपेल. आपल्याकडे मराठा, माळी, धनगर आणि इतर कित्येक जातींत पाट लावायची, मोहतूर लावायची रीत आधीपासून होती. त्यांना नव्या कायद्याची गरजच नव्हती. तरीही पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलं की जिथे पुनर्विवाहाची रूढी आहे तिथेही विधवेचा मिळकतीवरचा हक्क जाईल. ब्राह्मणी शास्त्र हाच साऱ्या हिंदूंचा कायदा, अशा समजुतीने चाललेल्या न्यायाचा हा परिणाम. एक दार उघडताना दुसरं लोटलं गेलं, आणि ते कष्टकरी बाईच्या तोंडावर.

निजामाच्या राज्यात वेगळं काय होतं? आमच्या मुलखावर मुसलमान राजा होता आणि बहुसंख्य रयत हिंदू. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा दर्गा, तुळजापूरला देवी, दोन्हींकडे सर्व धर्मांची माणसं जातात. जिल्ह्याला पुढे सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं नाव मिळालं, आणि 2023 मध्ये ते पुन्हा धाराशिव झालं. तुळजापूरच्या देवळासाठी निजामी अमलात 1909 मध्ये ‘देऊल-ए-कवायत’ ही नियमावली झाली. पुजाऱ्यांचे, मानकऱ्यांचे हक्क आणि कर्तव्यं तिने लेखी केली. पुजाऱ्यांवर कारवाई करताना मंदिर संस्थान आजही तिचा आधार घेतं. मुसलमान राज्याने हिंदू देवीच्या दरबाराची शिस्त राखावी आणि स्वतंत्र भारतातही ती चालावी, हे आपल्या इतिहासाचं मोठेपण आहे. पण लेखी झालेला हक्क घराण्याच्या नावाने असतो आणि घराणं पुरुषाच्या नावाने चालतं. गाभाऱ्यातल्या पूजेला मी आजवर पुरुषच उभे पाहिले आहेत. आराधिणीचं वारं, तिची परडी, तिचा जोगवा यांचा अधिकार लोकांच्या श्रद्धेवर उभा. तो पिढ्यानपिढ्या चालत आला, पण त्याचं उत्पन्न झालं नाही, वतन झालं नाही, वारसा झाला नाही. रूढीचा कागद होतो तेव्हा ज्याच्याजवळ आधीच नाव असतं त्याचं बळ वाढतं. ज्याचं बळ नुसत्या आवाजात असतं, ते कागदाबाहेर राहतं. राज्य इंग्रजांचं असो की निजामाचं, ही गोष्ट दोन्हीकडे घडली.

इथे एक धोका मला दिसतो. आराधिणीच्या अधिकाराचं कौतुक करता करता, देवाला वाहिलेल्या बायकांच्या साऱ्या प्रथांना आपण जुनी स्वातंत्र्यं म्हणू लागतो. ते खोटं आहे. खंडोबाला मुरळी वाहायची रीत अणदूर-नळदुर्गाच्या परिसरालाही अनोळखी नाही. देवाच्या नावाने गरीब, बहुतांशी दलित मुलींचं आयुष्य गावच्या पुरुषांच्या हवाली झालं. त्याविरुद्ध विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले, त्यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ने मुरळ्यांची दुःखं छापली. पुढे मुंबई इलाख्यात 1934 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये नवा कायदा केला. ज्या प्रथेत बाईला नाही म्हणता येत नाही, तिला देवाची मुद्रा लावली म्हणून ती पवित्र होत नाही. आराधीण आणि मुरळी यांतला फरक मी असाच समजते: माळ कोणी घातली, ती उतरवायचा हक्क कोणाला, आणि तिच्या जोरावर बोलतं कोण.

आज या प्रश्नाचं ठिकाण बदललं आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पंढरपुरातले बडवे-उत्पातांचे परंपरागत हक्क संपले आणि मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी बायकांकडून आणि सर्व जातींकडून अर्ज मागवले. 2016 मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो राज्यभर पुढे ठेवला. ही सारी पावलं मला हवीशी वाटतात. आक्कांना हळदीकुंकवाला बोलावलं असतं तर त्यांचे डोळे भरले असते, याबद्दल मला शंका नाही.

पण आक्कांनी मागितली होती ती जमीन. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, गावोगाव शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे शेत करून द्यावं म्हणून. 1992 मध्ये सरकारने त्याच नावाची योजना आणली, ज्यात पतीच्या हयातीत पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, देशाने तो 2005 मध्ये दिला. कायदा झाला, पण वाटणीच्या वेळी हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण अजून चांगली समजली जाते, आणि सही न करणारीचं माहेर तुटतं. धाराशिव हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला जिल्हा. घरधनी गेल्यावर त्या बाईला कर्ज लगेच कळतं. सातबाऱ्यावर नाव लागायला तलाठ्याकडे, दिराकडे, सासऱ्याकडे किती हेलपाटे घालावे लागतात, हे तिलाच ठाऊक.

1993 च्या भूकंपानंतर सास्तूरच्या आणि उमरग्याच्या पट्ट्यात मी एक वेगळी गोष्ट पाहिली. घरं दुरुस्त करायच्या सरकारी कामात गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं होतं. सिमेंटचं प्रमाण, अनुदानाचे हप्ते, अभियंत्याची भेट यांवर त्या ग्रामसभेत बोलत होत्या. त्यांच्या अंगात वारं नव्हतं, मागे मुलगा किंवा नवऱ्याची गादी नव्हती. गावाला त्यांची माहिती उपयोगी होती, म्हणून गाव ऐकत होतं. इतक्या शतकांच्या इतिहासात बाईचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी कधी देवी, कधी पुत्र, कधी वैधव्य मध्ये आणावं लागलं. त्या सभांत मध्यस्थाची गरज पडली नाही.

माझी देवीवर श्रद्धा आहे. या जिल्ह्यातल्या बाईला जेव्हा कोणीच वाली नव्हता तेव्हा तुळजापूरच्या पायरीने आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या डोंगराने तिला तोंड उघडायची जागा दिली, हे ऋण मी कधी विसरणार नाही. पण देवीच्या नावाने मिळालेला अधिकार देवीबरोबर जातो, आणि नोंदीत लागलेलं नाव बाईबरोबर राहतं. म्हणून दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक भावाला, दिराला, सासऱ्याला मला इतकंच सांगायचं आहे: नवस फेडायला याल तेव्हा खणनारळाबरोबर घरच्या बाईचं नाव लावलेला सातबारा घेऊन या. आईला याहून चांगली ओटी कोणी भरली नसेल.